लगाम कोणाच्या तोंडी?

सरकारी खर्चाला आणि तुटीला राज्यघटनेनेच लगाम घालावा, ही मागणी वरकरणी निर्मळ वाटते. कर्जाचे व्याज शेवटी साबण-काडेपेटीवरच्या करातून गरिबालाही भरावे लागते. मग तिला विरोध कोण करील? प्रश्न आहे तो लगाम कोणाच्या हाती आणि कोणाच्या तोंडी, हा.

ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत याच विषयावर चर्चा झाली. कर्जाच्या मर्यादेबाबतची तरतूद काही सभासदांना अपुरी वाटली. बाबासाहेबांची भूमिका स्वच्छ होती : मर्यादा संसदेने कायद्याने ठरवावी, हवी तर दरवर्षी ठरवावी, ते तिचे कर्तव्यच आहे. आजचे कलम २९२ ते हेच. त्यात आकडा नाही. हा ढिलेपणा नव्हे. प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर १९२५ साली ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्याला तिजोरीची शिस्त कोणी शिकवावी? तिजोरीची किल्ली लोकप्रतिनिधींच्या हाती राहावी, हाच या कलमाचा अर्थ.

आकडा घटनेत कोरला की काय होते, ते ब्राझीलने अनुभवले. २०१६ च्या ९५ व्या घटनादुरुस्तीने केंद्र सरकारचा व्याजेतर खर्च वीस वर्षांसाठी महागाईच्या दराला जखडला. सावकाराचे व्याज मोकळे राहिले. दवाखाना आणि शाळा जखडल्या गेल्या. २०२३ मध्ये ती व्यवस्था बदलावी लागली.

आपल्याकडे हे बंधन घटनेत नाही, कायद्यात आहे. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्वाच्या कायद्याने महसुली तूट नाहीशी करण्याचे लक्ष्य ठेवले. ही महसुली तूट म्हणजे काय? सरकारी हिशेबात पूल हा भांडवली खर्च, तर दलित विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती हा महसुली खर्च. म्हणजे पूल ही मालमत्ता आणि शिकलेला माणूस ही तूट! २०१८ च्या दुरुस्तीने ते लक्ष्य वगळले. पण ही वर्गवारी आणि तिच्यामागची दृष्टी कायम आहे. अंदाजपत्रकाला कात्री लागते तेव्हा ती आधी कोठे फिरते, हे वसतिगृहातल्या मुलाला विचारावे.

अनुसूचित जाती-जमातींचे शैक्षणिक व आर्थिक हित विशेष काळजीने जपावे, असे कलम ४६ सांगते. परंतु ते मार्गदर्शक तत्त्व. न्यायालयातून बजावून घेता येत नाही. तुटीचे बंधन मात्र सक्तीचे हवे! घटनेत कमाल तूट लिहायचीच असेल, तर वंचितांवरील किमान खर्चही त्याच ओळीत, त्याच सक्तीने लिहावा. ते मान्य नसणाऱ्यांची काटकसर ही दुसऱ्याच्या ताटातली काटकसर आहे.