आरक्षित शब्द आणि नामकरणाचे स्वातंत्र्य

पायथॉन या संगणक-भाषेतील नामकरणाचे नियम वरवर पाहता साधे आहेत. नावाचा आरंभ अक्षराने वा अधोरेषेने व्हावा, अंकाने होऊ नये. आणि 'इफ', 'फॉर', 'क्लास' यांसारखे आरक्षित शब्द नाव म्हणून योजू नयेत. परंतु या साधेपणाआड भाषा आणि तिचा उपयोग करणारा यांच्या अधिकारांचा प्रश्न दडलेला आहे.

आरक्षण अपरिहार्य नव्हे. फोरट्रानच्या प्रमाण स्वरूपात एकही शब्द आरक्षित नाही. मात्र या मोकळेपणाला मोल द्यावे लागते. तिच्या जुन्या लेखनपद्धतीत मोकळ्या जागेलाही अर्थ नव्हता. त्यामुळे 'डू १० आय = १,१०' या आवर्तनाच्या आज्ञेत स्वल्पविरामाऐवजी दशांशचिन्ह पडले, की 'डू१०आय' नावाच्या चलाला १.१० ही किंमत मिळे, आणि चूक निमूटपणे खपून जाई. आरक्षित शब्द अशा संदिग्धतेला आळा घालतात, ही त्यांची खरी बाजू होय.

दोष उद्भवतो तो आरक्षण मागाहून येते तेव्हा. पायथॉनमध्ये 'असिंक' हा शब्द २०१५ साली अवतरला व २०१८ साली पूर्णतः आरक्षित झाला. ज्या आज्ञावलींत ते नाव आधीच रूढ होते त्या अडून पडल्या. २०२१ साली 'मॅच' हा शब्द स्वीकारताना मात्र तो विशिष्ट स्थानीच आज्ञावाचक मानला गेला. मागाहून आलेल्याने आधीच्या रहिवाशाला घराबाहेर काढू नये, हा विवेक येथे दिसतो.

मराठीच्या दृष्टीने प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून पायथॉनला देवनागरी नावे चालतात. तथापि 'दुसऱ्या' हे नाव 'ऱ' या स्वतंत्र वर्णाने लिहिल्यास ग्राह्य ठरते, आणि साधा 'र', हलन्त व अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहिल्यास अग्राह्य. डोळ्यांना मात्र दोन्ही सारखीच. जावास्क्रिप्टला ते जोडचिन्ह चालते. पण ती या दोन रूपांना दोन भिन्न नावे समजते, म्हणजे एका अडचणीऐवजी दुसरी पदरी येते.

तात्पर्य, लिपीला प्रवेश देणे आणि तिच्या लेखनरूढीला न्याय देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली साधली आहे. दुसरी अद्याप साधावयाची आहे.