देवमाणसाचा थकवा

डॉक्टरविषयी मराठीत जे काही लिहिले जाते, त्यात दोनच रंग वारंवार आढळतात. एक देवमाणसाचा, दुसरा लुटारूचा. आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिका, सणाच्या रात्री रंगमंचावर येणारी नाटके, मृत्युलेख आणि सत्कारसमारंभांतील मानपत्रे चाळली, तर पहिला रंग अधिक गडद दिसतो. डॉक्टरांचे दार रात्री-अपरात्री कधीही उघडे असते, हा उल्लेख नसेल तर मानपत्र अपुरे वाटावे, इतका तो रूढ झाला आहे. त्यात खरी कृतज्ञता आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु दार उघडणारा हा माणूस झोपतो केव्हा, हा प्रश्न मानपत्राला पडत नाही; साहित्यालाही तो क्वचितच पडतो. ज्या मोजक्या लेखकांना तो पडला, त्यांच्या कृतींकडे या दृष्टीने पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या अवस्थेला आज ‘बर्नआउट’ म्हणतात. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञाने मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या मंडळींविषयी लिहिताना १९७४ साली हा शब्द शास्त्रीय लेखनात आणला. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी तिची तीन लक्षणे सांगितली: आतून रिते होणे, समोरच्याकडे माणूस म्हणून पाहणे सुटणे, आणि आपल्या हातून काही भले होत नाही असे वाटू लागणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात तिची नोंद आहे, पण ती रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून निपजणारी अवस्था म्हणून. मराठीत तिला नेमका शब्द नाही. ‘थकवा’ म्हटले तर एका झोपेने जाईल असे वाटते. ‘विरक्ती’ म्हटले तर तो गुणच होऊन बसतो. जुन्या बायकांच्या तोंडचे ‘जीव उबगला’ हे शब्द त्यातल्या त्यात जवळचे.

ग्रॅहॅम ग्रीन या कॅथलिक कादंबरीकाराची ‘अ बर्न्ट-आउट केस’ ही कादंबरी १९६०-६१ मध्ये, म्हणजे फ्रॉइडेनबर्गरच्या लेखाच्या बरीच वर्षे आधी आली. तिच्या नावातील शब्द कुष्ठरोगाच्या परिभाषेतला आहे. बोटे झडून गेल्यावर ज्याच्या शरीरातील रोग विझला आहे, ज्याच्यापासून इतरांना आता भय नाही, पण ज्याचे गेलेले परत येणार नाही, असा रुग्ण म्हणजे ‘बर्न्ट-आउट केस’. काँगोमधील नदीकाठच्या एका कुष्ठधामात, जेथे धर्मगुरू आणि एक डॉक्टर मिळून काम करतात, तेथे क्वेरी नावाचा विख्यात वास्तुशिल्पकार येऊन राहतो. मोठमोठी चर्चे त्याने उभारली, कीर्ती मिळवली, प्रेमप्रकरणे केली. आता त्याला काहीच वाटेनासे झाले आहे, दुःखसुद्धा.

म्हणजे जळून गेलेला आहे तो वास्तुशिल्पकार. डॉक्टर कॉलिन नव्हे. ग्रीनने या दोघांना शेजारी ठेवले आहे आणि तुलनेचे काम वाचकावर सोडले आहे. कॉलिन नास्तिक आहे. औषधाच्या गोळ्या, नवे रुग्णालय, आज तपासायचे रुग्ण, एवढाच त्याचा व्यवहार. ज्यांच्या श्रद्धेत तो सहभागी नाही, त्या धर्मगुरूंबरोबर तो काम करतो, वाद घालतो, थट्टाही करतो. आणि ते त्याला आपल्या कामाचा भागीदार मानतात, त्याहून अधिक काही मानीत नाहीत. त्याच्या टिकून राहण्याचे रहस्य आम्हाला येथे दिसते. कुणीही त्याला संत केलेले नाही.

क्वेरीच्या वाट्याला मात्र तेच येते. हातापायांची बोटे गेलेला त्याचा नोकर देओ ग्रातियास एका रात्री रानात नाहीसा होतो. क्वेरी त्याला शोधून काढतो आणि रात्रभर त्याच्याजवळ थांबतो. घटना एवढीच. पण झोप हरवलेले, स्वतःच्या श्रद्धेविषयी आतून घाबरलेले फादर टॉमस यांना एका संताची निकड आहे; वसाहतीतील कारखानदार रायकर याला आपल्या बढाईसाठी एक पुण्यपुरुष हवा आहे; वार्ताहर पार्किन्सनला बातमी हवी आहे. तिघे मिळून त्या रात्रीची संतकथा करतात, आणि तीच कथा अखेरीस क्वेरीच्या जिवावर उठते. ज्याला नुसते बसायला जागा हवी होती, त्याला चौथरा मिळाला! ग्रीनचे सारे लेखन सारख्या तोलाचे नाही, आणि या कादंबरीतही कॉलिन फारच शांत रंगवला आहे. दिवस संपल्यावर एकट्या खोलीत त्याच्या मनात काय चालते ते आपल्याला पुरेसे कळत नाही. पण गौरव हे आधाराचे सोंग घेऊन येते, हे त्याने जसे दाखवले तसे कुणी दाखवल्याचे आम्हाला आठवत नाही.

यावरून संत जुझेप्पे मोस्काती यांची आठवण होणे साहजिक आहे. नेपल्सचे हे डॉक्टर १२ एप्रिल १९२७ रोजी सकाळी मिस्सा ऐकून, रुग्णालयातील काम आटोपून घरी आले, घरी आलेले रुग्ण तपासू लागले, आणि खुर्चीत बसल्या जागी त्यांनी प्राण सोडला. वय ४६. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ साली त्यांना संतपद बहाल केले. त्यांच्या चरित्रपर पुस्तिकांत हा मृत्यू परमोच्च बिंदू म्हणून रंगवला जातो. अतिश्रम हेच त्याचे कारण होते असे आम्ही म्हणत नाही. पण चरित्रकार त्या खुर्चीचे वर्णन भक्तिभावाने करतो आणि ४६ या आकड्यावरून मात्र न थांबता पुढे जातो, हे आम्हाला खटकते. संत मार्कच्या शुभवर्तमानात (अध्याय ६) प्रभू दमलेल्या शिष्यांना, जेवायलाही सवड न उरलेल्या त्या माणसांना, एकांतात नेऊन विसावा घ्यायला सांगतो. या ओळी अशा पुस्तिकांत सहसा येत नाहीत.

देवमाणूस आणि लुटारू हे दोन रंग एकाच डब्यातले आहेत, हे करोनाच्या काळाने दाखवून दिले. २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता देशभर डॉक्टरांसाठी टाळ्या आणि थाळ्या वाजल्या. महिनाही झाला नव्हता, तोच चेन्नईत या रोगाने दगावलेल्या एका ख्रिस्ती डॉक्टरचे दफन जमावाने होऊ दिले नाही. रुग्णवाहिकेवर दगड पडले. त्याच एप्रिलमध्ये आरोग्यसेवकांच्या रक्षणासाठी केंद्र सरकारला वटहुकूम काढावा लागला. देवाकडून अपेक्षा संपत नाहीत, आणि देव पावला नाही की मूर्तीवर हात उचलला जातो.

आता अल्बेर कामूकडे वळू. त्याची ‘प्लेग’ (१९४७) करोनाच्या दिवसांत जगभर पुन्हा वाचली गेली, पण ती बहुधा साथीची कादंबरी म्हणून. आम्हाला ती थकव्याची कादंबरी वाटते. ओराँ शहराच्या वेशी बंद आहेत. डॉक्टर रिये घरोघर जाऊन निदान करतो आणि रुग्णाला घरच्यांपासून वेगळे करण्याचा हुकूम देतो. आया रडतात, दारे लावून घेतात, पोलीस बोलवावे लागतात. प्रारंभी त्याचे काळीज हलते. मग हळूहळू ते मिटू लागते, आणि ते मिटते आहे हे त्याला कळते; एवढेच नव्हे, तर त्यातच त्याला त्या दिवसांपुरता दिलासा वाटतो. मास्लाक यांचे दुसरे लक्षण ते हेच. कामूने ते त्यांच्या कितीतरी आधी लिहिले, आणि त्याची निंदा केली नाही. दिवसाचे वीस तास दयाळू राहणे माणसाला शक्य नाही, इतके तो सरळ मानतो.

न्यायाधीश ओतोँ यांचा लहानगा मुलगा मरतो तो प्रसंग आपल्या वाचकांनी मुद्दाम वाचावा. शाळेच्या वर्गात थाटलेले रुग्णालय; बिछान्याभोवती डॉक्टर, मदतनीस आणि येशूसंघीय फादर पानलू. साथीच्या आरंभी याच पानलूंनी प्रवचनपीठावरून या संकटाला ईश्वराची शिक्षा म्हटले होते. मूल गेल्यावर रिये ताडकन बाहेर पडतो आणि हे मूल तरी निष्पाप होते, असे फादरांना जवळजवळ ओरडून सुनावतो. मग शाळेच्या आवारात, धुळीने माखलेल्या झाडांमधल्या एका बाकावर जाऊन बसतो. पानलू त्याच्या मागोमाग येतात. ते पुन्हा प्रवचन देऊ शकले असते, किंवा रागावून निघून जाऊ शकले असते. ते त्याच्या शेजारी बसतात. रिये क्षमा मागतो, शिणाने माणूस वेडा होतो म्हणतो. दोघांचे मतभेद जिथल्या तिथे राहतात; तारणाची भाषा एकाची, आरोग्याची दुसऱ्याची. तरी उठताना डॉक्टर फादरांचा हात हाती धरतो.

समीक्षक या प्रसंगात श्रद्धा आणि नास्तिक्य यांचा वाद पाहतात, आणि तो तेथे आहेच. आम्हाला मात्र बाक महत्त्वाचा वाटतो. डॉक्टरला ओरडू दिले गेले. त्याचा जाब विचारला गेला नाही. पुढे तारू या मित्राबरोबर रिये एका रात्री समुद्रात पोहायला जातो. दोघे बरोबरीने हात मारीत जातात, परततात, काही बोलत नाहीत, आणि पुन्हा कामाला लागतात. प्लेग तेथेच असतो. कामू पोहण्याला उपचार म्हणत नाही. आणि रियेची म्हातारी आई, जी खिडकीशी गप्प बसून मुलाची वाट पाहते, तिच्याविषयी तर फारच कमी लिहिले गेले आहे.

चेकॉव्ह स्वतः डॉक्टर होता. १८९२ च्या पटकीच्या साथीत मेलिखोवो येथे राहून तो २५ खेडी, ४ कारखाने आणि एक मठ सांभाळत होता. ‘अंकल वान्या’ या त्याच्या नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात डॉक्टर अस्त्रोव्ह म्हाताऱ्या दाई मारीनाला सांगतो की उपवासकाळात तो टायफसच्या गावी गेला, घरी परतल्यावर रेल्वेचा एक कामगार आणला गेला, आणि तो क्लोरोफॉर्मखाली दगावला. नको त्या वेळी त्याचे मन जागे झाले. मारीना त्याला समजावीत नाही. माणसे विसरली तरी देव आठवण ठेवील, एवढेच ती म्हणते. हे पुरते का? नाटकात पुरत नाही. अस्त्रोव्ह व्होडका पीत राहतो. चेकॉव्ह प्रामाणिक होता.

बुल्गाकोव्हची ‘मॉर्फीन’ (१९२७) याहून कठोर आहे. दूरच्या खेड्यातील एकटा डॉक्टर पोल्याकोव्ह मॉर्फीनच्या आहारी जातो. शेवटी जुन्या मित्राला, तोही डॉक्टरच, मदतीसाठी चिठ्ठी पाठवतो. मित्र दुसऱ्या दिवशी निघायचे ठरवतो. त्याच रात्री पोल्याकोव्हला मरणासन्न अवस्थेत त्याच्याकडे आणले जाते. त्याच्यावर माया करणारी परिचारिका आन्ना त्याला नाही म्हणू शकली नव्हती. बुल्गाकोव्ह स्वतः या व्यसनात सापडला होता आणि पत्नीच्या साह्याने त्यातून सुटला, हे ठाऊक असले म्हणजे त्या चिठ्ठीचे वजन अधिक जाणवते.

मराठीत या वाटेवर डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक आहे. गडचिरोलीत लोकांच्या आरोग्यासाठी झिजणाऱ्या या डॉक्टरांना वयाच्या ४४ व्या वर्षी हृदयविकाराने गाठले. डॉक्टरने स्वतःला रुग्ण म्हणून इतके उघड करावे, हे मराठीत धाडसाचे होते, आणि त्यासाठी आम्ही या पुस्तकाचे ऋणी आहोत. मात्र त्याचा रोख आत वळलेला आहे: आहार, व्यायाम, ध्यान, मनाची घडण. ज्याच्या दिवसाची आखणी त्याच्याच हाती आहे, त्याला हे लागू पडते. निवासी डॉक्टरचे काय? १९९२ च्या केंद्र सरकारच्या निर्देशांत त्याच्यासाठी सलग १२ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने शिफारस केली ती आठवड्याला ७४ तासांपेक्षा अधिक काम नसावे अशी. बत्तीस वर्षांनी मर्यादा खाली येण्याऐवजी वर गेली. अशा मुलाला ध्यान शिकवणे म्हणजे भाकरी मागणाऱ्याला पचनाचे नियम सांगणे होय. त्याच्या छत्तीस तासांच्या पाळीची मराठी कादंबरी आमच्या वाचनात आलेली नाही.

लंडनमध्ये १९५० च्या दशकात मायकेल बालिंट आणि एनिड बालिंट यांनी साध्या दवाखान्यांतील डॉक्टरांचे छोटे गट जमवायला आरंभ केला. ठरावीक दिवशी आठ-दहा जण बसत. एक जण मनात रुतलेल्या रुग्णाची हकीकत सांगे, बाकीचे ऐकत. बालिंट यांचे पुस्तक १९५७ साली आले, आणि असे गट आजही अनेक देशांत भरतात. तेथे सत्कार नसतो, आणि कुणी कुणाला धीरही देत नाही. माणसे गोष्ट सांगतात. साहित्याच्या त्रैमासिकाला त्यात रस वाटावा तो यासाठी.

आपल्या समाजात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णसेवेतील धर्मभगिनी यांची संख्या थोडी नाही. संत लूकच्या सणाला, १८ ऑक्टोबरला, काही ठिकाणी त्यांचा सत्कार होतो. शाल असते, श्रीफळ असते, भाषणे असतात. एखाद्या वर्षी त्यांनीच बोलावे, इतरांनी खाली बसून ऐकावे, आणि जे ऐकले ते काटछाट न करता स्मरणिकेत छापावे, असे कुणा संपादकाला सुचले, तर तो अंक आम्ही मागवून घेऊन वाचू.