कोशांतील शब्द आणि कोंडलेला देह

सायमन विंचेस्टर यांचें 'द सर्जन ऑफ क्रोथॉर्न' हें पुस्तक १९९८ सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्यावरून निघालेला 'द प्रोफेसर अँड द मॅडमन' हा चित्रपट २०१९ सालीं पडद्यावर आला. ऑक्सफर्डच्या इंग्रजी महाकोशास हजारों अवतरणें पुरविणारा विद्वान हा ब्रॉडमूर येथील गुन्हेगार वेड्यांच्या इस्पितळांतील रुग्ण होता, ही हकीकत मुळांतच इतकी विलक्षण आहे कीं, सांगणाराला तिखटमीठ लावण्याची गरज पडूं नये. तरी तें लावलें गेलें आहे; आणि नेमकें जेथें लावूं नये तेथेंच, ही आमची तक्रार.

अमेरिकन सैन्यांतील शस्त्रवैद्य डॉ. विल्यम मायनर यांनीं १८७२ च्या फेब्रुवारींत लंडनच्या लँबेथ भागांत जॉर्ज मेरेट नांवाच्या निरपराध मजुरास भ्रमाच्या भरांत गोळी घालून ठार केलें. वेडाच्या कारणास्तव न्यायालयानें त्यांस निर्दोष ठरवून ब्रॉडमूरला धाडिलें. तेथें त्यांचीं अडतीस वर्षें गेलीं. दिवसा ते ग्रंथ वाचीत. रात्रीं जमिनीखालून माणसें येऊन आपल्या देहाची विटंबना करितात, आपल्याकडून नको तीं कृत्यें करवितात, असें त्यांस वाटे. १९०२ च्या डिसेंबरांत त्यांनीं चाकूनें स्वतःचें जननेंद्रिय छाटून टाकिलें. १९१० सालीं गृहमंत्री चर्चिल यांच्या आज्ञेनें त्यांस अमेरिकेस परत पाठविण्यांत आलें; १९२० सालीं ते वारले.

मेरेटची विधवा एलायझा कांहीं काळ त्यांस भेटावयास येई व येतांना पुस्तकें आणी, एवढें खरें. चित्रपटानें या भेटींचें प्रेमप्रकरण बनविलें, आणि तें अंगच्छेदन त्या प्रेमाच्या पश्चात्तापास जोडून दिलें. वस्तुतः त्या भेटी थांबून कित्येक वर्षें लोटलीं होतीं. या जोडणीनें प्रेक्षकास एक स्वच्छ, समजण्याजोगें कारण मिळतें. परंतु वासना म्हणजेच पाप अशा समजुतींत वाढलेल्या एका मिशनऱ्याच्या मुलाची, सिलोनमधील बालपणापासून चालत आलेली ती दीर्घ, अरम्य यातना मात्र नाहींशी होते. एलायझावरहि अन्यायच झाला. नवऱ्याच्या मारेकऱ्यास पुस्तकें नेऊन देणाऱ्या, अनेक लेकरांच्या आईचें मन हें प्रेमकथेहून किती तरी गूढ आहे! तें गूढ दिग्दर्शकास सोसलें नाहीं.

विंचेस्टर अधिक प्रामाणिक आहेत. ते प्रसंग टाळीत नाहींत, तो वैद्याच्या बारकाईनें सांगतात. पण त्या प्रकरणास त्यांनीं शेक्सपिअरच्या एका प्रसिद्ध वचनावरील कोटीचें नांव दिलें आहे, तें वाचून आम्हांस वाईट वाटलें. इस्पितळांतील नोंदी मायनरांच्या रात्रींविषयीं बरेंच सांगतात. असलें सारें वहींत उतरत असतां, जवळिकीची भूक असलेल्या या माणसाशीं त्याविषयीं कोणी धीरानें बोललें काय? हा प्रश्न ना पुस्तकांत आहे, ना चित्रपटांत.

तो प्रश्न जुना झालेला नाहीं. इंग्लंडांतील कडक बंदोबस्ताच्या मनोरुग्णालयांत रुग्णांच्या शारीरिक संबंधांस आजहि सामान्यतः मनाईच असते. हॉलंडांतील तशा संस्थांतून मात्र जोडीदारास पहाऱ्यावांचून भेटण्याची मुभा रुग्णागणिक विचार करून दिली जाते. मनाई करणारे केवळ निर्दय नव्हेत. येथील कित्येकांचे अपराध स्त्रियांच्या व बालकांच्या देहांवरच घडलेले असतात, आणि खरी संमति कोणती हें ठरविणें रोगी मनाच्या बाबतींत सोपें नाहीं. तथापि दार बंद ठेवणें निराळें आणि तोंड बंद ठेवणें निराळें. कित्येक वर्षांनीं सुटून जो मनुष्य पुन्हां समाजांत जावयाचा, त्याला सोबत कशी करावी, नकार कसा ऐकावा, हें भिंतींच्या आंत कोणी शिकविलें नाहीं, तर बाहेर तें तो कोणावर शिकेल?

चित्रपटांत एक गोष्ट मात्र साधली आहे. कोशाचे संपादक मरे आणि मायनर हे दोघे दाढीवाले गृहस्थ ब्रॉडमूरच्या आवारांत एकमेकांकडे शब्द फेंकीत हिंडतात, तेव्हां मायनरांच्या चेहऱ्यावर जें सुख दिसतें, तें पुढल्या सबंध प्रेमकथेंत एकदांहि दिसत नाहीं.