डॉट-प्रोब खरंच सामाजिक चिंता मोजतं का?

तुमचं प्रेझेंटेशन चालू आहे. दुसऱ्या रांगेतल्या मॅडमच्या कपाळावर आठ्या दिसतात. ‘आपलं काहीतरी चुकलं’ असं लगेच वाटतं ना? माझ्या पहिल्या प्रगती सेमिनारला हेच झालं. नंतर कळलं, मॅडम चष्मा विसरल्या होत्या! पण पुढची दहा मिनिटं मी काय बोलले, ते मला आजही आठवत नाही.

सामाजिक चिंता असलेली माणसं इतरांच्या प्रतिक्रिया कशा वाचतात, हा माझा विषय. त्यासाठी बरेचदा डॉट-प्रोब चाचणी सुचवली जाते. माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यातही तीच होती. ती का काढली, ते आज सांगते.

मॅक्लिओड, मॅथ्यूज आणि टाटा यांनी १९८६ मध्ये ही पद्धत मांडली. स्क्रीनवर दोन शब्द येतात, एक धोक्याचा, एक साधा. ते गेले की एकाच्या जागी ठिपका येतो आणि तो दिसताच बटण दाबायचं. धोक्याच्या जागचा ठिपका लवकर सापडला, तर लक्ष तिकडेच होतं असं मानायचं. पुढे शब्दांऐवजी रागीट आणि निर्विकार चेहरे वापरले जाऊ लागले. कल्पना हुशारीची आहे, कारण माणसाला स्वतःबद्दल काही विचारावंच लागत नाही.

पहिली अडचण विश्वसनीयतेची. श्मुकले यांनी २००५ मध्ये निरोगी व्यक्तींवर ही चाचणी तपासली. अंतर्गत सुसंगतता आणि पुनर्चाचणी, दोन्ही अगदी कमी निघाल्या. कारण समजून घ्या. इथे दोन प्रतिसादवेळांची वजाबाकी होते. ट्रकचं वजन ड्रायव्हरसकट आणि ड्रायव्हरशिवाय करून ड्रायव्हरचं वजन काढावं, तसा हा प्रकार. काट्याची छोटी चूकही उत्तर बिघडवते. मग अशा आकड्याचा चिंतेच्या गुणांशी सहसंबंध काढून काय हाती लागणार?

दुसरी अडचण प्रसंगाची. मॅन्सेल, क्लार्क आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये काही सहभागींना आधीच सांगितलं, की तुम्हाला भाषण करायचं आहे. तेव्हा जास्त चिंता असलेल्यांनी भावनादर्शक चेहऱ्यांवरून लक्ष काढून घेतलं, हसऱ्याही आणि नकारात्मकही. भाषणाची भीती नसताना असं दिसलं नाही. म्हणजे ‘आता माझी पाळी’ हे वाटणंच महत्त्वाचं, आणि शांत लॅबमध्ये नेमकं तेच नसतं.

तिसरी अडचण मला सगळ्यात मोठी वाटते. लक्ष जाणं वेगळं, अर्थ लावणं वेगळं. रागीट चेहऱ्याचा अर्थ उघडच असतो. आठ्यांचा मात्र लावावा लागतो. आमिर, फोआ आणि कोल्स यांनी १९९८ मध्ये संदिग्ध प्रसंग देऊन अर्थ निवडायला सांगितला. सोशल फोबिया असलेल्यांनी सामाजिक प्रसंगांत स्वतःबाबत नकारात्मक अर्थ निवडले, पण तोच प्रसंग दुसऱ्यावर आला असता तसं केलं नाही. म्हणजे माणसं वाचता येत नाहीत असं नाही. वाचनात ‘मी’ आला की गडबड होते. क्लार्क आणि वेल्स यांचं १९९५ चं प्रतिमानही हेच सुचवतं: लक्ष आत वळतं, आणि आतली धडधडच ‘मी कसा दिसतोय’ याचा पुरावा बनते. ठिपक्याला हे कसं कळणार?

म्हणून डॉट-प्रोब फेकून द्या असं मी म्हणत नाही. लक्षाबद्दल गटांची तुलना करायची असेल, तर वापरा; पण स्वतःच्या डेटाची विश्वसनीयता काढा आणि ती प्रबंधात लिहा. प्रश्न ‘लोक प्रतिक्रिया कशा वाचतात’ हा असेल, तर संदिग्ध प्रसंग घ्या आणि स्वतःसाठी व दुसऱ्यासाठी असे दोन्ही प्रकार ठेवा.

मी आता तेच करतेय. फक्त हा बदल गाईडना सांगायला मी तीन आठवडे लावले, कारण सर रागावतील असं वाटत होतं. ते म्हणाले, “बरं, मग नवीन मसुदा कधी देतेस?”