पाहणारा बोलतो, पाहिला जाणारा गप्प

एडवर्ड स्नोडेन यांचे 'पर्मनन्ट रेकॉर्ड' हे आत्मचरित्र १७ सप्टेंबर २०१९ रोजी प्रसिद्ध झाले. त्याच दिवशी अमेरिकन सरकारने लेखकाविरुद्ध दावा दाखल केला. हेरखात्यात नोकरी केलेल्या माणसाने हस्तलिखित आधी खात्याकडून तपासून घ्यायचे असते. ते यांनी घेतले नाही, तेव्हा पुस्तकाचे उत्पन्न सरकारला मिळावे, अशी मागणी होती. डिसेंबरमध्ये न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला. पुस्तक मात्र लोकांनी वाचले. आमच्या वाचकांनीही ते वाचावे, अशी आमची शिफारस आहे. पण वाचताना एक प्रश्न मनाशी ठेवावा. या पुस्तकात बोलते कोण, आणि ज्यांच्यावर पाळत ठेवली गेली ती माणसे कुठे आहेत?

कथा आता सर्वपरिचित आहे. १९८३ साली जन्मलेला, सरकारी नोकरांच्या घरात वाढलेला, संगणकाचे वेड असलेला मुलगा ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर देशसेवेच्या ओढीने सैन्यात जातो. पाय जायबंदी होऊन तो परततो आणि पुढे सीआयए व एनएसए या हेरसंस्थांच्या कामात शिरतो. हवाईतल्या कचेरीत बसून त्याला कळते की आपण राखतो ती व्यवस्था साऱ्या जगाचे खाजगी बोलणे साठवते आहे. जून २०१३मध्ये 'द गार्डियन' आणि 'वॉशिंग्टन पोस्ट' या पत्रांतून ते जगापुढे आले. स्नोडेन तेव्हापासून रशियात आहेत आणि सप्टेंबर २०२२मध्ये त्यांना तिथले नागरिकत्व मिळाले. पाळतीविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाला अशा राज्याचा आसरा घ्यावा लागावा, हा दैवदुर्विलासच म्हणायचा.

पुस्तकाचा मोठा गुण म्हणजे त्याची सुबोधता. 'मेटाडेटा' हा रुक्ष शब्द स्नोडेन सामान्य वाचकाच्या हाती देतात. तुम्ही फोनवर काय बोललात हे ऐकण्याची सरकारला गरजच नसते. कोणाला, केव्हा, कुठून, किती वेळ फोन केला एवढ्या नोंदींवरून तुमचे आजारपण, तुमची मैत्री, तुमचे राजकारण आणि तुमची नमाजाची वेळसुद्धा समजते. आपल्याकडे यावर एक ठरलेले उत्तर मिळते: कर नाही त्याला डर कशाला? स्नोडेन त्याचा चांगला समाचार घेतात. मला लपवायचे काही नाही म्हणून खाजगीपणा नको, असे म्हणणे हे मला बोलायचे काही नाही म्हणून भाषणस्वातंत्र्य नको, असे म्हणण्यासारखेच आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आम्ही त्यात एवढीच भर घालू की डर कोणाला असावी हे 'कर' ठरवत नाही. नोंद ठेवणारा ते ठरवतो.

पुस्तकातला सर्वांत हृद्य प्रसंग याच मुद्द्याचा आहे. हवाईत काम करताना स्नोडेन यांच्या पडद्यावर मूळचा इंडोनेशियाचा एक अभियंता येतो. त्याने इराणमधल्या एका विद्यापीठात नोकरीसाठी अर्ज केलेला असतो. संशयाला तेवढे पुरे झाले. त्याच्याच संगणकाच्या कॅमेऱ्यातून टिपलेले चित्र स्नोडेन पाहतात. बाप काम करतो आहे आणि मांडीवरचे लहान मूल चुळबुळ करते आहे. एका क्षणी ते मूल थेट कॅमेऱ्यात बघते, आणि पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. त्याला स्वतःचा बाप आठवतो.

हा प्रसंग वाचून आम्हीही थांबलो. पण मग लक्षात आले की त्या बापाला या पुस्तकात नाव नाही, आवाज नाही. तो नजरेस कसा आला, हेही लेखकाला धड आठवत नाही. त्याची नोकरी झाली की हुकली, त्याच्या मुलाचे काय झाले, काहीच कळत नाही. लेखकाच्या सदसद्विवेकबुद्धीला जागे करण्यापुरता तो येतो आणि जातो. स्नोडेन प्रामाणिक आहेत, यात शंका नाही. तरीही कथा पाहणाऱ्याच्या मनाचीच राहते.

हा केवळ कलेचा प्रश्न नाही. जुलै २०१४मध्ये 'द इंटरसेप्ट'ने स्नोडेन यांच्याच कागदांच्या आधारे एक यादी उघड केली. तीत मुस्लिम पार्श्वभूमीचे पाच अमेरिकन नागरिक होते. त्यांत वकील होते, प्राध्यापक होते, नागरी हक्कांच्या एका मोठ्या संघटनेचे प्रमुख होते. त्याच कागदांत २००५ सालचा एक नमुना होता. पाळतीचा अर्ज कसा भरावा हे शिकवताना नावाच्या जागी 'मोहम्मद' आणि त्यापुढे मुसलमानांसाठी वापरली जाणारी एक शिवी लिहिली होती. माणूस मिळण्याआधीच त्याचे नाव कागदावर तयार होते! पाळतीचा असा इतिहास लिहायचा तर तो त्या पाच जणांच्या घरातून लिहावा लागेल. तिथे फोनवर कोणते वाक्य अर्धवट राहिले, कोणत्या मित्राने येणे बंद केले, मशिदीतल्या नव्या माणसाशी बोलायला कोण कचरले, हे कोणत्याही नोंदीत सापडणार नाही.

पुस्तकाला याची जाण अजिबात नाही असे नाही. शेवटाकडे एक प्रकरण लिंडसी मिल्स यांच्या रोजनिशीतल्या नोंदींचे आहे. स्नोडेन त्यांना काही न सांगता निघून गेले, तेव्हा एफबीआयची चौकशी आणि पाठलाग त्यांच्या वाट्याला आला. इथे प्रथमच पाहिली जाणारी व्यक्ती स्वतः बोलते. गद्य साधे आहे, घाईत लिहिलेले आहे, पण भीती तिथे खरी वाटते. आमच्या मते सबंध ग्रंथातले हेच प्रकरण सर्वांत जिवंत आहे.

मराठी वाचकाला हा आवाज नवा नाही. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांची नावे नोंदवहीत चढवली, त्यांना पोलिसांपुढे हजेरीला उभे केले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण संशय गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७मध्ये आले आणि नोंदवहीतला माणूस स्वतःची नोंद स्वतः लिहू लागला. संगणकाच्या युगातली पाळत नवी असली, तरी नावावरून माणूस ओळखण्याची तिची रीत जुनीच आहे. स्नोडेन यांच्या पुस्तकात जे नाही, ते 'उचल्या'त आहे.

हा विषय दूरदेशीचा समजू नये. मार्च २०१३ या एका महिन्यात एनएसएने भारतातून ६३० कोटी नोंदी गोळा केल्याचे स्नोडेन यांच्या कागदांतून दिसले. त्या यादीत आपला देश पाचवा होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या एकमताने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण देशाची सुरक्षा, सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्याच यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकते. म्हणजे कुलूप बसले आणि किल्ली मात्र ज्याच्यापासून जपायचे त्याच्याच खिशात राहिली.

अमेरिकेत तरी काय झाले? सप्टेंबर २०२०मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने फोनच्या नोंदी सरसकट गोळा करणे बेकायदा ठरवले. ज्या खटल्यात हा निकाल लागला, त्यातल्या सोमाली आरोपींची शिक्षा मात्र कायम राहिली. तत्त्व जिंकले, पण त्या माणसांना त्याचा लाभ झाला नाही.

'पर्मनन्ट रेकॉर्ड' हे धैर्याचे पुस्तक आहे आणि ते मराठीत यायला हवे. पण त्याच्या पुढचे पुस्तक त्या इंडोनेशियन बापाने लिहायचे आहे. आमच्या कथाकारांनी आणि आत्मचरित्रकारांनी तरी फोन ठेवताना गिळलेले ते अर्धे वाक्य लिहून ठेवावे, एवढी आमची अपेक्षा आहे.