मालिशीचा अभ्यासक्रम : कोणासाठी?

घाटाखालच्या एका शाळेतील शिक्षिकेने आम्हाला एक प्रश्न कळवला. त्यांच्या शाळेत नववीला व्यवसाय शिक्षणात 'ब्युटी थेरपिस्ट' हा विषय आहे. हाताच्या मालिशीचा भाग चालू असताना एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, माही आजी चाळीस वर्सापासून बायतिनीले अन् लेकराले चोयून देते. तिच्यापाशी तं सर्टिफिकेट नाही. मंग तिचं चुकते काय?"

बाईंना उत्तर देता आले नाही. आम्हालाही लगेच देता आले नसते. म्हणून मालीश शिकवणारे जे अभ्यासक्रम उपलब्ध आहेत ते आजीच्या बाजूने वाचून पाहावेत असे आम्ही ठरवले.

मालीश करणाऱ्याने परवाना घेतलाच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही. भौतिकोपचार करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २००२ चा कायदा आहे, त्याखाली परिषद व नोंदणी आहे, पण ते शिक्षण पदवीचे. त्याच्या खालच्या पायरीवर 'स्पा थेरपिस्ट' हा अभ्यासक्रम आहे. सौंदर्य व स्वास्थ्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने तो तयार केला आणि २०१३ साली अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात बसवला. त्याचे घटक पाहा. कामाची जागा तयार करणे व नीट ठेवणे हा एक. आरोग्य व सुरक्षितता सांभाळणे हा दुसरा. आणि कामाच्या ठिकाणी चांगली छाप पाडणे, हाही एक स्वतंत्र घटक! यात चूक काहीच नाही. स्वच्छ टॉवेल, धुतलेले हात, ग्राहकाशी सभ्य बोलणे हे शिकवलेच पाहिजे. परंतु या अभ्यासक्रमाच्या नजरेसमोरचा माणूस टेबलावर पालथा झोपलेला, निरोगी आणि पैसे मोजणारा आहे. मोताळा किंवा लोणार तालुक्यात सर्वांत जास्त मालीश ज्यांची होते, ती दहा दिवसांची बाळंतीण आणि तिचे मूल, यांना त्यात जागा नाही.

हे काम कसे चालते ते वाचकांना सांगायला नको. बाई पाटावर पाय लांब करून बसते, नडग्यांवर मूल आडवे घेते, कोमट तेलाने चोळते, न्हाऊ घालते, ओवा-शेपांची धुरी देते. हे करणाऱ्या बाईला पूर्वी सरकारने एकदा शिकवलेही होते. १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेत दर हजार वस्तीमागे एक दाई प्रशिक्षित करायची होती. तीस दिवसांचे प्रशिक्षण, तीनशे रुपये विद्यावेतन, शेवटी एक पेटी आणि प्रमाणपत्र. आठवड्यातले दोन दिवस केंद्रावर शिकायचे आणि बाकीचे दिवस परिचारिकेबरोबर गावोगाव हिंडायचे, ही त्यातली रचना आम्हाला आजही चांगली वाटते. भर मात्र बाळंतपणावर होता : स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, बाळंतपणे दवाखान्यात गेली, ते योग्यच झाले. दाईकडे उरली ती मालीश. म्हणजे जे तिला शिकवले होते ते काम गेले, आणि जे फारसे शिकवले नव्हते ते राहिले.

आता या राहिलेल्या कामात शिकवण्यासारखे काय आहे? आम्हाला वाटते, पुष्कळ आहे.

नवजात बाळाची, मुलगा असो की मुलगी, छाती कधी कधी सुजलेली दिसते, थेंबभर दूधही येते. आईच्या शरीरातील संप्रेरके बाळात उतरलेली असतात, त्याचा हा परिणाम. काही आठवड्यांत तो आपोआप ओसरतो. पण 'दूध काढून टाकावे' म्हणून मालीश करताना छाती पिळली जाते. त्यातून जंतुसंसर्ग होऊन गळू होते. तेल नाकात सोडण्याचेही तसेच. ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरले तर तिथे एक प्रकारचा न्यूमोनिया होतो आणि तो लवकर बरा होत नाही. धुरीचा धूर इवल्या श्वासनलिकांना चांगला नाही, हे वेगळे सांगायला नको.

आईच्या बाबतीतली गोष्ट अधिक गंभीर आहे. गर्भारपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते व बाळंतपणानंतरचे सहा आठवडे तरी तो धोका राहतो. पोटरीतील खोल नीलेत गुठळी झाली तर एकच पाय सुजतो, दुखतो, गरम लागतो. घरचे म्हणतात, पाय भरून आलाय, जरा जोरात चोळ. चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर बाई दगावू शकते. येथे हात लावायचा नाही, दवाखान्यात पाठवायचे. हे एक वाक्य ज्या अभ्यासक्रमात कारणासह शिकवलेले आहे, तो अभ्यासक्रम आमच्या मते बाकी कितीही साधा असला तरी चालेल.

'कारणासह' हा शब्द आम्ही मुद्दाम घातला. कौशल्याच्या अभ्यासक्रमांत 'काय करावे' आणि 'काय माहीत असावे' असे दोन रकाने असतात. दोहोंना जोडणारा 'का' शिक्षकावर सोडलेला असतो. मालीश हृदयाच्या दिशेने करावी हा नियम घ्या. तो पाठ करवून घेण्यापेक्षा वर्गात करून पाहता येतो. दंडाला रुमाल जरा आवळून बांधा. हाताच्या शिरा फुगतील, मध्ये मध्ये गाठीसारखे उंचवटे दिसतील. त्या झडपा. शीर एका बोटाने खाली दाबून धरा व दुसऱ्या बोटाने रक्त वर, पुढच्या झडपेपलीकडे सारा. मधला भाग रिकामाच राहतो, वरून रक्त परत येत नाही. खालचे बोट उचलले की लगेच भरतो. विल्यम हार्वीने १६२८ च्या ग्रंथात हाच प्रयोग चित्रांसह दिला. ज्या पोराने हे पाहिले त्याला मालिशीची दिशा वेगळी सांगावी लागत नाही. (रुमाल मिनिटाभरात सोडावा.)

परदेशात परवाना आहे, म्हणून तिथे सारे आलबेल असेल असेही नाही. अमेरिकेत राज्यागणिक नियम : टेक्सासला ५०० तासांचे शिक्षण लागते, न्यूयॉर्कला १०००. बहुतेक राज्ये शंभर प्रश्नांची एक सामाईक परीक्षा मान्य करतात. तिच्यात शरीररचनेबरोबर रोग, निषिद्ध स्थिती आणि नीती हे स्वतंत्र विभाग आहेत. हे घेण्यासारखे आहे. पण मालिशीने स्नायूंतले लॅक्टिक आम्ल धुऊन निघते, ही समजूत परवाना असलेल्या देशांतही खुशाल शिकवली गेली. कॅनडातील क्वीन्स विद्यापीठात २०१० साली मोजून पाहिले, तेव्हा व्यायामानंतरच्या मालिशीने स्नायूतला रक्तप्रवाह उलट अडतो व आम्ल हटण्याचे काम मंदावते असे दिसले. मग मालिशीने बरे का वाटते? मॅकमास्टर विद्यापीठाच्या २०१२ च्या प्रयोगात अकरा तरुणांच्या एका पायाला दहा मिनिटे मालीश करून दोन्ही पायांतील स्नायूंचे कण तपासले. चोळलेल्या पायात दाहाचे संकेत कमी होते, लॅक्टिक आम्लात फरक नव्हता. अकराच माणसे, तेव्हा फार उड्या मारू नयेत.

जपानची गोष्ट निराळी आहे. तिथे मालीश हा शतकानुशतके अंध व्यक्तींचा व्यवसाय. सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध वैद्याने अंधांसाठी शाळा काढल्या. आज १९४७ च्या कायद्याखाली तीन वर्षांचे शिक्षण व राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. ज्यांचे पोट या कामावर होते त्यांना शिक्षणात आत घेऊन परवाना आला, हा त्यातला धडा आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

आजीचे काय चुकत नाही, हेही नोंदवले पाहिजे. टिफनी फील्ड यांनी १९८६ साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिवसातून तीनदा पंधरा मिनिटे हळुवार चोळले, तेव्हा त्यांचे वजन इतरांपेक्षा ४७ टक्के जास्त गतीने वाढले. नंतरच्या परीक्षकांनी अशा अभ्यासांच्या दर्जाबद्दल शंका घेतल्या, त्या रास्त आहेत. आपल्याकडे २००० साली प्रसिद्ध झालेल्या १२५ पूर्ण दिवसांच्या बाळांच्या अभ्यासात तिळाचे तेल सर्वांत उजवे ठरले. ढाक्याच्या शिशु रुग्णालयात २००५ साली सूर्यफुलाच्या तेलाने अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळांतील जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी घटला, पण ती रुग्णालयातली नाजूक बाळे होती. तो आकडा घरच्या गुटगुटीत पोराला लावू नये.

अशिक्षित बायकांना हे 'का' कसे कळणार, अशी शंका कोणी घेईल. गडचिरोलीत 'सर्च'च्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले होते. त्याच धर्तीवर आज आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्याच घरात, त्याच दिवसांत मालीश करणारी बाई येते. दोघी एकमेकींना ओळखतात, बहुधा एकाच गल्लीत राहतात. तेव्हा वर्ग कुठे भरवायचा हा प्रश्नच नाही.

अडचण प्रमाणपत्राची आहे. २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच अवगत असलेल्या कौशल्याला मान्यता देण्याची सोय आहे. काम करून दाखवा, तोंडी उत्तरे द्या, प्रमाणपत्र घ्या. आजीसाठी ही वाट अगदी योग्य. पण त्यासाठी कामांच्या यादीत तिचे काम असावे लागते. 'बाळंतीण व बाळाची मालीश' असे काम त्या यादीत घालायला फार खर्च नाही. त्याच्या परीक्षेत चोळण्याचे गुण थोडे कमी ठेवावेत, आणि कोणत्या घरातून तेलाची वाटी तशीच ठेवून परत फिरावे, याचे जास्त.

त्या शिक्षिकेला आम्ही हार्वीचा प्रयोग लिहून पाठवला होता. मुलीने तो घरी आजीच्या हातावर करून पाहिला. आजीच्या शिरा ठसठशीत, त्यामुळे झडपा फारच स्पष्ट दिसल्या म्हणे. आजीने नातीला विचारले, "अन् सिझर झालेल्या बाईचं पोट केव्हा चोयाव?" जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत नाही, असे आम्ही कळवले आहे.