देवमासा आणि सापाची जीभ

हल्ली विज्ञानाचे लोकप्रिय लेख वाचताना मला तारणकर्जाचा अर्ज आठवतो. मालमत्ता किती लांब, किती रुंद, एवढेच विचारायचे. आत काय आहे ते बघायचे नाही.

निळ्या देवमाशाचेच घ्या. जीभ हत्तीच्या वजनाची, हृदय मोटारीएवढे, हे ठरलेलेच. आमच्या चिचगडपासून समुद्र शेकडो कोस लांब. इथे पाणी म्हणजे भाताची बांधी, नाहीतर बोडी. तरी पोरांना हे हृदय पाठ! २०१४ साली कॅनडाच्या किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाचे हृदय तज्ज्ञांनी तोलले, तर दोनशे किलोच्या आसपास भरले. मोटार कसली, फार तर एक बुलेट.

आता शेजारी एक नेचे मांडतो. नाव ऑफिओग्लॉसम, म्हणजे सापाची जीभ. एक पान, एक दांडी, संपला संसार. डांगच्या आहवा जंगलातली एक जात तर जेमतेम सेंटिमीटरभर. २०१८ साली ती जगापुढे आली.

पण खातेवही उघडा. देवमाशाच्या पेशीत गुणसूत्रे ४४. आपल्यात ४६, म्हणजे आपण दोनाने पुढे, बडेजाव नको. कारण या नेच्याच्या रेटिक्युलाटम जातीत ती आहेत १२६०! अब्राहम आणि निनान या दोघा भारतीय संशोधकांनी १९५४ साली हा आकडा प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून १२६० मोजणे म्हणजे काय, हे मार्चअखेरीस कॅश जुळवणाऱ्यालाच कळेल. अर्थात त्या बहुतेक एकाच संचाच्या प्रती. आमच्याकडे पत्र तीन प्रतींत लागते, निसर्गाने इथे चौऱ्याऐंशी काढल्यात. तेव्हा लांबी सोडून संख्येवर भाळणारा समीक्षकही त्याच पंगतीतला.

तुलना करायचीच तर पाण्यापाशी करा ना! देवमाशाचे पूर्वज चार पायांवर जमिनीवर हिंडत. समुद्रात जाऊन कोट्यवधी वर्षे झाली, तरी श्वासाला वरच यावे लागते. नेच्याचे पूर्वज पाण्यातून जमिनीवर आले, पण लग्नाला अजून पाणीच लागते. नवरदेव चक्क पोहत नवरीकडे जातो. दोघेही बदलीवर गेलेल्या नोकरदारासारखे. बिऱ्हाड हलले, रेशनकार्ड जुन्याच गावचे.

जून २०१५मध्ये रेवदंड्याला बेचाळीस फुटी देवमासा लागला, तेव्हा बघ्यांची गर्दी झाली. सेंटिमीटरभर नेचे बघायला मात्र उकिडवे बसावे लागते, आणि पावसाळ्यात खाली बघत जंगलात हिंडणारी आमच्याकडची माणसे सात्या शोधत असतात.